पावसाळ्यात दुर्बिणी व सूक्ष्मदर्शकांची निगा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणात व घाटमाथ्यावर सर्वत्र आवराआवर सुरू होते. कौले परतली जातात, कार्यालयांतील दप्तरे उंच फळ्यांवर हलविली जातात, बियाण्यांची पोती ओलीपासून दूर ठेवली जातात. परंतु सार्वजनिक मालकीच्या काही मौल्यवान वस्तूंकडे या धांदलीत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वनरक्षकाजवळील दुर्बीण, प्राथमिक आरोग्य केंद्रातील सूक्ष्मदर्शक आणि माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक या त्या वस्तू होत. नाजूक म्हणून त्या पेटीत घालून, कुलूप लावून ठेवल्या जातात. दसऱ्याच्या सुमारास पेटी उघडावी, तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसतात. हे नुकसान बहुधा पावसात झालेले नसते. ते पेटीत झालेले असते. या एका गोष्टीची नीट जाण झाली, तर पावसाळ्यातील भिंगांची निगा हे मुळीच कठीण काम नाही.

भिंग धूसर झाले तर काय बिघडते?

एके काळी दुर्बीण म्हटली की शिकारी डोळ्यांपुढे येई. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर ते चित्र पालटले. आज तीच दुर्बीण प्राण्यांच्या रक्षणासाठी वापरली जाते. कोयना, चांदोली, राधानगरी यांसारख्या अरण्यांत पाऊस धो धो कोसळत असतानाही गस्त थांबविता येत नाही. धुक्यात समोरच्या उतारावर हालचाल करणारा गवा आहे की माणूस, हे ओळखण्याची वेळ येते तेव्हा दुर्बिणीच्या आत बाष्प साचलेले असेल, तर ती गळ्यात असून नसल्यासारखीच.

आरोग्य केंद्रातील प्रश्न अधिक गंभीर आहे. हिवतापाचे रुग्ण पावसाळ्यात व त्यानंतरच्या आठवड्यांत वाढतात. म्हणजे सूक्ष्मदर्शकाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच हवाही सर्वाधिक दमट असते. झटपट निदानाच्या पट्ट्या आता उपलब्ध असल्या, तरी रक्तनमुन्याची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हाच आजही निदानाचा मुख्य आधार आहे. ही तपासणी तैलभिंगाखाली, सुमारे १००० पट विशालनाने करतात आणि नमुना निर्दोष ठरविण्यापूर्वी जाड थेंबाची किमान १०० दृष्टिक्षेत्रे पाहावी लागतात. हिवतापाच्या परजीवीची कोवळी वलयाकार अवस्था तांबड्या रक्तपेशीच्या अंशाएवढीच असते. भिंगावर बुरशीचा पडदा असेल, तर नेमकी हीच सूक्ष्म वलये नजरेतून निसटतात, आणि ताप असलेला रुग्ण ‘दोष नाही’ असा अहवाल घेऊन घरी जातो.

दमट हवेचा हा त्रास नवा नाही. सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधला. त्या दिवसांत कपाळावरच्या व हातांवरच्या घामाने आपल्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेली एकमेव नेत्रिकाही तडकलेली होती, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या पावसाळी अरण्यांत सैन्याच्या दुर्बिणी बुरशीने निकामी होऊ लागल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना या प्रश्नाचा मुद्दाम अभ्यास हाती घ्यावा लागला.

बाष्प कसे धरते?

हवेत पाण्याची वाफ सामावण्यास मर्यादा असते, आणि ही मर्यादा तापमानाबरोबर बदलते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांना केवळ १७ ग्रॅम. म्हणून दमट हवा थंड वस्तूला स्पर्श करते तेव्हा जादा बाष्पाचे बारीक थेंब बनून त्या वस्तूवर जमतात. ज्या तापमानास ही क्रिया सुरू होते, त्यास दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. याचा अर्थ असा की, २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीतून किंवा वाहनातून बाहेर आणलेली दुर्बीण तत्काळ धूसर होणारच. चष्मा वापरणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा आहे.

भिंगाच्या बाहेरील बाजूवर धरलेले बाष्प निरुपद्रवी असते. उपकरण भोवतालच्या हवेइतके तापले की ते आपोआप नाहीसे होते. पुसूनही न जाणारे धुके मात्र आतील बाजूस असते. उपकरणाची बंदिस्ती सैल झाली असून दमट हवा आत शिरली आहे, याची ती खूण होय.

आधुनिक जलरोधक दुर्बिणींत रबरी कड्यांनी सांधे बंद करून आत कोरडा नायट्रोजन वायू भरलेला असतो. नायट्रोजनमध्ये काही जादू नाही; आपल्या हवेतही तो ७८ टक्के असतो. महत्त्व आहे ते त्याच्या कोरडेपणाला. आत बाष्पच नसल्यामुळे आतील भिंगांवर धुके धरत नाही. नवी दुर्बीण खरेदी करताना ती केवळ ‘तुषाररोधक’ आहे की खरोखर जलरोधक व वायुभरित आहे, हे पाहून घ्यावे. ‘आयपीएक्स ७’ या दर्जाचे उपकरण एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकणे अपेक्षित असते. परंतु अशा दुर्बिणीचेही बाहेरील पृष्ठभाग धूसर होतात, आणि ओल्या पेटीत ठेवल्यास तिच्यावरही बुरशी येते.

बुरशीचे कार्य

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, हवा खेळती नसली आणि जागा अंधारी असली की ते रुजतात. बोटांच्या ठशांतील स्निग्धता, धूळ, तसेच पेटीतील कापड व चामडे यांवर त्यांचे पोषण होते. वाढताना बुरशी आम्ले स्रवते. ही आम्ले आधी भिंगावरील परावर्तनरोधक लेप आणि नंतर खुद्द काच खातात. प्रारंभीच लक्षात आले, तर जाणकार तंत्रज्ञ भिंग स्वच्छ करू शकतो. काच कोरली गेल्यावर मात्र बुरशी काढली तरी तिचा ठसा कायम राहतो.

पावसात वापरताना

दुर्बीण वापरात नसताना वस्तुभिंगे खाली राहतील अशी गळ्यात धरावी आणि नेत्रिकांवर रबरी पर्जन्यटोपी बसवावी. ती रेनकोटच्या आत छातीशी दडपून ठेवू नये. रेनकोटच्या आतील हवा घामामुळे बाहेरच्या हवेहून उष्ण व दमट असते, आणि दुर्बिणीच्या थंड भिंगांवर तिचे बाष्प लगेच धरते. बाहेरून लटकविलेली, वरून रुंद झडप असलेली पिशवी अधिक सोयीची. नेत्रिका डोळ्यास लावताना श्वास तोंडाने सोडू नये. वाहनातून उतरण्यापूर्वी काही मिनिटे वातानुकूलन बंद करून काचा उघडाव्यात, म्हणजे उपकरण बाहेरच्या हवेशी जुळते.

ओल्या भिंगावर सदऱ्याची बाही किंवा रुमाल फिरविण्याचा मोह टाळावा. धुळीचे कण काचेवर घासले जाऊन ओरखडे पडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने कण उडवावेत, नंतर भिंग पुसण्याच्या स्वच्छ कापडाने अथवा कागदाने थेंब टिपून घ्यावेत. धुकेरोधक द्रावण थेंबांऐवजी पाण्याचा एकसंध पातळ थर बनविते, त्यामुळे दिसणे सुधारते. मात्र निर्मात्याने संमती दिलेलेच द्रावण वापरावे.

आधी वाळवावे, मग बंद करावे

गस्तीवरून परतल्यावर दुर्बीण तशीच पेटीत घालणे ही सर्वांत घातक सवय होय. बाहेरचे पाणी टिपून, पट्टा व झाकणे काढून, उपकरण रात्रभर पंख्याच्या वाऱ्यात उघडे ठेवावे. पट्टा व पेटी स्वतंत्रपणे वाळवावी. चुलीजवळ, हीटरसमोर किंवा प्रखर उन्हात मात्र उपकरण ठेवू नये. भिंगे जोडणारा डिंक व सांध्यांतील वंगण यांस त्यामुळे अपाय होतो.

यानंतर साठवणीचा प्रश्न येतो. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते; तिच्याऐवजी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल ही व्यवस्था स्वस्त व खात्रीची आहे. १० लिटरच्या डब्यातील पूर्ण दमट हवेत केवळ ०.३ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते; ते शोषणे जेलला सहज शक्य आहे. ओल्या पट्ट्यात मात्र कित्येक ग्रॅम पाणी असते, आणि तो आत गेल्यास मूठभर जेल लवकरच निकामी होते. वाळविण्याला पहिले स्थान आहे ते यामुळेच.

रंगदर्शक जेलचा रंग पालटला, म्हणजे निळ्याचा गुलाबी किंवा नारिंगीचा हिरवा झाला, की ते सुमारे १२० अंश तापमानास दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमधील कोबाल्ट क्षार आरोग्यास अपायकारक असल्याने शाळांनी नारिंगी जेल घ्यावे. स्वयंपाकाच्या भांड्यांत जेल तापवू नये.

सूक्ष्मदर्शकासाठी उबदार कपाट हा जुना व परिणामकारक उपाय आहे. कपाटाच्या तळाशी, उपकरणापासून अंतर राखून, कमी शक्तीचा तारेचा बल्ब लावावा आणि वर-खाली काही छिद्रे ठेवावीत. २८ अंशांची ९० टक्के दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांवर येते. एलईडी दिवा पुरेशी उष्णता देत नाही, म्हणून तो येथे उपयोगी नाही. मात्र जेथे वीज वारंवार जाते, तेथे डबा व जेल हाच उपाय बरा. तैलभिंगावरील तेल प्रत्येक दिवसाच्या कामानंतर भिंगाच्या कागदाने टिपून काढावे.

काही प्रचलित समजुतींना येथे आवर घातला पाहिजे. तांदळात उपकरण पुरल्याने ओल विशेष शोषली जात नाही. उलट पिठाचे कण सांध्यांत शिरून बुरशीस खाद्य मिळते. डांबराच्या गोळ्या ओल शोषून घेत नाहीत. आणि आत धुके दिसले म्हणून स्क्रू काढून दुर्बीण उघडणे तर सर्वथा अयोग्य. लोलकांची मांडणी एकदा हलली की दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत. असे उपकरण जाणकार दुरुस्तीकाराकडेच पाठवावे.

जबाबदारी कोणाची?

जडवस्तुसंग्रह नोंदवहीत सूक्ष्मदर्शकाची नोंद असते, पण त्यातून दिसते की नाही याची नोंद नसते. वार्षिक पडताळणीत वस्तू जागेवर आहे एवढे पाहून पुढे जाण्याची पद्धत बदलावयास हवी. जून ते ऑक्टोबर या काळात दर पंधरवड्यास प्रत्येक उपकरण पेटीतून बाहेर काढावे, उजेडासमोर धरून भिंगे तपासावीत, जेलचा रंग पाहावा आणि तारीख व सही यांसह नोंद करावी. हे काम एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावे. शाळांत विज्ञान शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास दवबिंदूचा पाठही प्रत्यक्ष शिकविला जाईल. पंचायत सदस्यांनी व शाळा व्यवस्थापन समितीने भेटीच्या वेळी कपाटाचे कुलूप उघडावयास सांगावे, आणि सूक्ष्मदर्शकातून स्वतः एकदा पाहावे.

याखेरीज शेवटचा व सर्वांत सोपा उपाय म्हणजे उपकरण वापरात ठेवणे. रोज उजेडात येणाऱ्या, रोज पुसल्या जाणाऱ्या भिंगावर बुरशीस फारसा वाव मिळत नाही. जपून ठेवण्याच्या हेतूने चार महिने कुलुपात बंद केलेले भिंग मात्र हटकून बिघडते. शासनाच्या पैशातून, म्हणजे जनतेच्या पैशातून, आलेली ही उपकरणे पावसाळ्यातच सर्वाधिक कामाची असतात. तेव्हा ती कोरडी ठेवावीत आणि वापरतीही ठेवावीत.