दाट झाडीसाठी रायफल कशी निवडतात? 'ब्रश गन'मागचं विज्ञान समजून घ्या

पबजीच्या मिरामार मॅपमध्ये 'विन ९४' नावाची रायफल मिळते, आठवतेय का? ती खऱ्या विंचेस्टर मॉडेल १८९४ वरून घेतलेली आहे. जॉन ब्राउनिंग यांनी डिझाइन केलेली ही रायफल अमेरिकेत आजही हरणाच्या शिकारीची ओळख मानली जाते. तिथे दाट झाडीत वापरायच्या अशा आटोपशीर रायफलला 'ब्रश गन' म्हणतात. ती निवडताना काय पाहतात?

१. लांबी आणि वजन
झाडीत हरीण बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच दिसतं, तेही काही सेकंदच. लांब नळी फांद्यांत अडकते. म्हणून साधारण २० इंचांची नळी आणि तीन किलोच्या आसपास वजन सोयीचं पडतं.

२. स्कोप
मोबाइल कॅमेऱ्यात १०एक्स झूम करून जवळचा पक्षी शोधून बघा. सापडतच नाही! स्कोपचंही तसंच. झूम जास्त, तर दिसणारा भाग कमी. म्हणून झाडीत १ ते ४एक्सचा स्कोप पुरतो.

३. गोळी
विंचेस्टरची गाजलेली गोळी म्हणजे थर्टी-थर्टी. वजन साधारण ११ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर. नळीखालच्या मॅगझिनमध्ये गोळ्या एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर आदळली तर स्फोट होऊ शकतो, म्हणून पारंपरिक गोळीचं टोक चपटं असतं.

सगळ्यात मोठा गैरसमज
'जड आणि संथ गोळी फांद्या तोडत सरळ जाते' असं अनेक शिकारी मानतात. पण ते खरं नाही. गोळी स्वतःभोवती फिरत असते म्हणून स्थिर राहते. फांदीला लागली की ती डगमगते आणि दिशा बदलते. कमी-जास्त प्रमाणात, पण हे कुठल्याही गोळीचं होऊ शकतं.

समजा, दिशा फक्त २ अंशांनी बदलली. फांदी हरणापासून एक मीटरवर असेल तर गोळी साडेतीन सेंटीमीटर चुकेल. तीच फांदी ३० मीटर अलीकडे असेल तर चूक एक मीटरची! म्हणजे प्राणी जखमी होऊन पळणार आणि झाडीतच तडफडून मरणार. शिवाय पलीकडे माणूस असेल तर? म्हणूनच अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालावेच लागतात.

थोडक्यात, 'ब्रश गन' झाडी भेदण्यासाठी नसते, झाडीत सहज वागवता यावी म्हणून असते. मोकळी फट आणि प्राणी स्पष्ट दिसत नसेल, तर ट्रिगरवरून बोट बाजूला, एवढाच नियम.

आणि हो, आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आपली 'विन ९४' गेममध्येच बरी!