मला समजेपर्यंत सांग

बारावीचं वर्ष एकट्या मुलाचं किंवा मुलीचं कधीच नसतं. घरातल्या टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना 'यंदा नको' म्हणून कळवलं जातं आणि आई पहाटे साडेचारला चहाचं आधण ठेवते. एवढं सगळं करूनही एका गोष्टीपाशी आपण बायका थबकतो. ती म्हणजे प्रत्यक्ष अभ्यास, आणि त्यातही फिजिक्स. 'आम्हाला काय त्यातलं कळतंय?' म्हणून आपण हळूच बाजूला होतो. मीसुद्धा मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण मागची दोन वर्षं मी एका मुलीच्या फिजिक्सच्या शिकवणीत रोज बसत होते. त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हा मैत्रिणींना सांगावंसं वाटतंय.

मुलगी मळवली स्टेशनपासून आत असलेल्या एका छोट्या गावातली. आई आमच्या बचत गटातली, लोणावळ्याला चिक्कीच्या पॅकिंगचं काम करते. वडील पर्यटकांना जीपमधून फिरवतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या तिघांत असलेली ही मुलगी अकरावी सायन्सला आली आणि पहिल्याच चाचणीत फिजिक्समध्ये नापास झाली. वडील माझ्याकडे आले. म्हणाले, ''ताई, पुण्याच्या क्लासची फी ऐकली आणि फोन ठेवला. मागं धाकटाही आहे. हिला आर्ट्सला टाकू का? तुम्हीपण आर्ट्सच केलंत ना?''

मी म्हटलं, ''भाऊ, मी आर्ट्स आवडीनं घेतलं. ती काही पडलेल्यांना टाकायची जागा नव्हे. दिवाळीपर्यंत थांबा.''

मुलीशी बोलल्यावर कळलं, अडचण बुद्धीची नव्हतीच. अकरावीपासून सायन्स सगळं इंग्रजीत. वर्गात 'मोमेंटम' आलं आणि ती घाबरली. नववीत 'संवेग' म्हणून तोच धडा तिनं मन लावून केला होता. दोन्ही एकच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग राहिलं काय, तर फॉर्म्युले पाठ करणं. आपल्याकडे मराठी शाळांतून सायन्सला जाणाऱ्या किती मुली याच उंबऱ्याला अडखळून पडत असतील!

लोणावळ्यात नोकरीतून निवृत्त होऊन स्थायिक झालेले एक इंजिनीअर आमच्या ओळखीचे. त्यांना गळ घातली. त्यांनी फी घेणार नाही असं सांगितलं, पण दोन अटी घातल्या. रविवारी ते दोन तास शिकवतील, आणि पहिला महिनाभर फॉर्म्युल्यांची वही बंद राहील. उरलेले सहा दिवस मुलीनं तोच भाग कुणाला तरी समजावून सांगायचा. ''तो माणूस फिजिक्स न शिकलेला हवा,'' सर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. तरुण मुलीला एकटीला शिकवणीला पाठवायचं कसं, हा तिच्या आईचा प्रश्नही होताच. म्हणून शिकवणी माझ्या घरी ठरली. कॉलेज सुटल्यावर लोकलला असलेला तास-दीड तास ती माझ्या स्वयंपाकघरात बसायची. मी भाजी निवडत ऐकायची. माझं काम एकच, नाही कळलं तर 'नाही कळलं, मला समजेपर्यंत सांग' म्हणायचं.

पहिल्या रविवारी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. विचारलं, ''कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं का जोडतात?''

''घाट चढायला.''

''ते चहावाल्यालाही माहीत आहे. किती जोर लागतो ते सांग.''

बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. या घाटात चढ सदतिसात एक इतका आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. आता हजार टनांची गाडी घ्या. तिच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला सतत मागे ओढत असतो. म्हणजे सुमारे २७ टन वजनाचा जोर. हे सगळं पुढच्या एका इंजिनानं ओढायचं, तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या जोडावर येणार. म्हणून मागून ढकलायचं. हातगाडी चढावर नेताना एक जण पुढे आणि एक जण मागे असतो ना, तसंच! पुस्तकातलं 'साइन थीटा' म्हणजे हा सदतिसावा भाग, हे उमगलं त्या दिवशी तिनं वहीत पहिल्यांदा न बघता बाणांची आकृती काढली.

दिवाळीत वडील आले ते उत्तर मागायलाच. मी मुलीला म्हटलं, ''बाबांना जीपचं सांग.'' तिनं सांगितलं. दोन टनांची जीप खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे ५०० मीटर खाली उतरते. तेवढी ऊर्जा कुठंतरी जायला हवी. गाडी न्यूट्रलला टाकून नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर ती बहुतेक सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाणार. आणि ती उष्णता इतकी, की जवळजवळ तीस लिटर गार पाण्याला उकळी येईल! म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये राहायचं, थोडा भार इंजिनावर टाकायचा. वडील ऐकत राहिले. इतकी वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. म्हणाले, ''आम्ही हे ब्रेक जळाल्याच्या वासावरून शिकलो गं.'' आर्ट्सचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

बारावीला मात्र अभ्यास खरंच अवघड झाला. माझ्या लक्षात राहिला तो खोपोलीचा प्रश्न. आपल्या लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून खोपोलीच्या वीजघरात जातं. टाटांच्या या कामाची कोनशिला १९११ साली लोणावळ्यात बसली आणि १९१५ पासून वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली येतं. पाइपमधलं घर्षण सोडून दिलं, तर तळाशी त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १०० मीटर! ही धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. दोन वाट्या कडेला कड लावून जोडाव्यात तसा त्यांचा आकार. पाणी आत शिरतं आणि वळून मागे फिरतं.

मी मेथी निवडता निवडता विचारलं, ''मग चाकाच्या वाट्याही पाण्याच्याच वेगानं फिरत असतील, नाही?''

ती 'हो' म्हणता म्हणता थांबली. ''काकू, थांबा जरा,'' म्हणाली आणि त्या दिवशी तशीच लोकलला पळाली.

दुसऱ्या दिवशी एक कोष्टक घेऊन आली. वाटी जागची हललीच नाही, तर पाणी जोरात ढकलेल, पण काम शून्य. पाणी आपली सगळी ऊर्जा घेऊन परत जाणार. उलट वाटी पाण्याच्याच वेगानं पळाली, तर पाण्याचा तिच्यावर जोरच लागणार नाही. म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार मोठा व्हायला हवा. एक वाटीचा वेग, दुसरी पाणी आणि वाटी यांच्या वेगातला फरक. पाण्याचा वेग १०० धरला तर २० गुणिले ८० म्हणजे १६००. ४० गुणिले ६० म्हणजे २४००. ५० गुणिले ५० म्हणजे २५००. आणि ६० गुणिले ४० पुन्हा २४००! म्हणजे चाकाच्या वाट्या पाण्याच्या निम्म्या वेगानं फिरायला हव्यात.

''आणि काकू, गंमत म्हणजे तेव्हा पाणी वळून बाहेर पडतं ते जवळजवळ थांबलेलं असतं. नुसतं खाली पडतं. त्याच्याकडचं सगळं चाकानं घेतलेलं असतं.''

कॅल्क्युलस न शिकलेल्या मला हे कळलं. रविवारी सरांनी वही पाहिली. म्हणाले, ''प्रत्यक्षात चाक निम्म्याहून किंचित कमी वेगानं फिरवतात. पण पोरी, हे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकवतात!'' तिच्या आईनं मला नंतर विचारलं, ''ताई, म्हणजे चांगलं झालं ना?'' मी म्हटलं, ''फार चांगलं झालं.''

सीईटी झाली, पुण्यात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. आता ती होस्टेलवर राहते. मार्क किती, हे मला विचारू नका. दीड वर्षात ती 'हे येणार का परीक्षेला?' ऐवजी 'असं का होतं?' विचारायला लागली, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले पुढे मूलकणांच्या संशोधनात जगभर नावाजल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्या गेल्या. भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-शास्त्रज्ञांवरचं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासोबत संपादित केलं, २००८ मध्ये. आपल्या मुलींच्या हाती ते जरूर द्यावं.

आता थोडं उपयोगाचं. जेईई मेनची प्रश्नपत्रिका २०२१ पासून मराठीतही मिळते. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आयआयटी कानपूरच्या मदतीनं २०२३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'साथी' संकेतस्थळावर तयारीचे धडेही मोफत आहेत. एच. सी. वर्मा यांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'चे दोन भाग कॉलेजच्या लायब्ररीत असतील तर मुलीला मागायला लावा. आणि फीच्या आकड्याला घाबरून मुलीचा फॉर्म मागे घेऊ नका. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधल्या आणि वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४-२५ पासून लागू केला आहे. कॉलेजात जाऊन नियम नीट विचारून घ्या.

चांगला शिक्षक प्रत्येक गावात मिळेलच असं नाही. पण ऐकणारं माणूस प्रत्येक घरात असतं. तुमची मुलगी आज अभ्यासाला बसली की तिला नुसता चहा देऊन परत फिरू नका. समोर पाट घेऊन बसा, हातात निवडायची भाजी असू द्या, आणि म्हणा, ''आज काय शिकलीस? मला समजेपर्यंत सांग.'' ती आधी वैतागेल, 'तुला नाही कळणार' म्हणेल. म्हणू दे. तुम्ही उठू नका.