आपल्या गच्चीवर ब्लूबेरी येईल का?

जुलैत हॅम्बर्गच्या बाजारात ल्युनेबुर्गच्या माळरानातली ब्लूबेरी आली, की पुण्याहून आलेली आई हमखास विचारते, "हे झुडूप आपल्या गच्चीवर येईल का रे?" येईल, पण इथलं नव्हे. इथल्या जातींना फुलण्याआधी ७ अंशांखालच्या थंडीचे साधारण ८०० तास लागतात. पुण्यात ते कुठून आणणार? फ्लोरिडा विद्यापीठाने मात्र कमी थंडीत फळणाऱ्या 'शार्पब्लू', 'मिस्टी' अशा जाती तयार केल्या आहेत. रोपवाटिकेत त्याच मागाव्यात.

दुसरी अट मातीची. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ पीएचची आम्लधर्मी माती हवी. आपली काळी माती चुनखडीची. तिच्यात मुळांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. आमचं पहिलं रोप असंच गेलं, वर आम्ही कुंडीत राखही घालत होतो! म्हणून कुंडीत कोकोपीट आणि पाइनची साल भरावी, साठवलेलं पावसाचं पाणी घालावं, बोअरचं टाळावं, दुपारी सावली करावी.

आणि हो, इथून रोप बॅगेत घालून नेऊ नका. त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. फळं मूठभरच येतील, पण आईच्या हातची असतील!