सेकंड होम : चौरस फुटांपलीकडचा हिशेब

शहरात राहते घर झाले, मुले मार्गी लागली आणि व्यवसायात थोडे स्थैर्य आले, की अनेकांच्या मनात गावाबाहेरच्या बंगल्याचा विचार डोकावू लागतो. पूर्वी मुंबईकरांचा हा विचार लोणावळा, खंडाळा किंवा पाचगणीपलीकडे सहसा जात नसे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यामुळे समुद्रापलीकडचा अलिबाग तालुका मोटारीच्या टप्प्यात आला. मागणी वाढली, तशी घरांची मापेही वाढली. दोन खोल्या आणि पडवी एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस मागे पडून एक एकराचा भूखंड, पाच-सहा शयनगृहे, पोहण्याचा तलाव आणि पाहुण्यांसाठी वेगळी इमारत असे बेत आखले जाऊ लागले. असा बेत घेऊन वास्तुविशारदाकडे गेलेल्या गृहस्थाचा पहिला प्रश्न मात्र जुनाच असतो : फुटाला काय भाव पडेल?

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तराने निम्माच हिशेब कळतो.

याचे बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. पिट्सबर्गमधील एका मोठ्या दुकानाचे मालक एडगर कॉफमन यांनी पेनसिल्व्हेनियातील बेअर रन या ओढ्याकाठी सुटीचे घर बांधायचे ठरवले आणि ते काम फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे सोपवले. ‘फॉलिंगवॉटर’ या नावाने हे घर पुढे जगप्रसिद्ध झाले. सुरुवातीचा अंदाज ३० ते ३५ हजार डॉलरच्या घरात होता. प्रत्यक्षात एकूण खर्च १ लाख ५५ हजार डॉलरवर गेला. या रकमेची फोड उद्बोधक आहे. मूळ घराला ७५ हजार लागले, सजावट आणि सामानसुमानाला २२ हजार, पाहुण्यांचे घर, मोटारींची जागा आणि नोकरांच्या खोल्या यांना ५० हजार, तर वास्तुविशारदाचे मानधन ८ हजार. म्हणजे ज्याला आपण ‘घर’ म्हणतो, त्याचा वाटा निम्म्याहून किंचित कमीच होता. पुढे गळती आणि ओढ्यावर झेपावणाऱ्या सज्जांचे खचणे हे वेगळेच. ते सज्जे सावरण्याचे मोठे काम अखेर २००२ मध्ये करावे लागले.

राइट यांच्या सहवासात काही वर्षे काढून भारतात परतलेले नारी गांधी यांनी लोणावळा आणि अलिबाग परिसरात अशीच एकमेवाद्वितीय घरे बांधली. तपशीलवार नकाशांवर त्यांचा फारसा भर नसे. घर जागेवरच, कारागिरांच्या हाताखाली आकाराला येई. त्या वास्तूंचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु अशा पद्धतीने बांधायचे असेल, तर अंदाजपत्रकाचा आग्रह मालकाने आधीच सोडलेला बरा. ज्याला ठरावीक रकमेतच बसायचे आहे, त्याने नकाशे पूर्ण झाल्याशिवाय पायाला हात लावू नये.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. गाव, जमीन आणि दर्जा यांनुसार ते बदलतील. समजा, ६,००० चौरस फुटांचा बंगला बांधायचा आहे आणि ठेकेदाराने फुटाला ३,००० रुपये सांगितले. गुणाकार १ कोटी ८० लाखांचा होतो आणि घरातील मंडळी हाच आकडा डोक्यात धरून बसतात. साहित्यासह दिलेल्या ठेक्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३२ लाख ४० हजार. दर करासह आहे की करावेगळा, हे विचारायचे राहून गेले, तर पहिलाच धक्का इथे बसतो. वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार, वीज व प्लंबिंगचे सल्लागार यांचे मानधन मिळून ८ टक्के धरले, तर १४ लाख ४० हजार. आवारातील कामांना ४० लाख. फर्निचर, पडदे, दिवे, स्वयंपाकघर, वातानुकूलन यांना फुटामागे १,००० रुपये, म्हणजे ६० लाख. बेरीज ३ कोटी २७ लाखांच्या आसपास जाते. त्यावर अनपेक्षित खर्चासाठी १० टक्के बाजूला ठेवले, की आकडा ३ कोटी ६० लाख होतो. नेमका दुप्पट. यात जमिनीची किंमत, मुद्रांक शुल्क आणि कर्जाचे व्याज धरलेलेच नाही.

फुटाचा भाव कोणत्या क्षेत्रफळाला लागू आहे, हाही तंट्याचा विषय होतो. मालक खोल्यांचे क्षेत्र मोजतो, ठेकेदार स्लॅबचे. मोठ्या बंगल्यात व्हरांडे, गच्च्या, पोर्च आणि दुमजली उंचीचा दिवाणखाना यांचा पसारा बराच असतो. कोकणात तर खोल पडवीशिवाय घर उभेच राहू नये, कारण तिरक्या पावसापासून भिंत वाचवते ती पडवीच. हे सर्व क्षेत्र कशा दराने मोजायचे, ते करारात आकृतीसह लिहिलेले असावे. त्याहून चांगले म्हणजे फुटाच्या भावाऐवजी कामाच्या प्रत्येक बाबीचे परिमाण आणि दर असलेले पत्रक तयार करून घेणे. खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, लोखंड किती टन, चिऱ्याचे बांधकाम किती, गिलावा किती. असे पत्रक करायला महिना-दीड महिना जातो. मात्र त्यामुळे तीन ठेकेदारांचे दर एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि मध्येच काही बदलले, तर त्याची किंमत त्याच दिवशी कळते.

काही जण कर वाचवण्यासाठी साहित्य स्वतः घेऊन ठेकेदाराला फक्त मजुरीचे काम देतात. एकाच स्वतंत्र घरासाठी दिलेल्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटीतून सूट आहे, हे खरे. सिमेंटवरील जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. परंतु साहित्याच्या खरेदीवरील कर कुठे टळत नाही. शिवाय शंभर किलोमीटर दूर राहून सिमेंटची पोती, लोखंड आणि लाद्या यांचा हिशेब ठेवणार कोण? कायमचा, पगारी आणि विश्वासाचा पर्यवेक्षक नसेल, तर ही बचत कागदावरच राहते.

आवारातील खर्चाचा अंदाज तर बहुतेकांना नसतोच. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. भूखंड अगदी चौरस असला, तरी त्याचा परिघ सुमारे ८३५ फूट भरतो. कुंपणाच्या भिंतीला फुटामागे दीड हजार रुपये धरले, तरी साडेबारा लाख रुपये निव्वळ भिंतीत जातात. भूखंड लांबट असेल, तर भिंत आणखी वाढते. उतारावरच्या जमिनीवरून देखावा सुंदर दिसतो, पण माती धरून ठेवणाऱ्या भिंती, उंच जोते आणि पाण्याचे चर यांची किंमत त्या देखाव्यात दडलेली असते. गावातील रस्ता अरुंद असेल आणि काँक्रीटचे वाहन जागेपर्यंत पोहोचत नसेल, तर वाळू-खडीची दुहेरी चढ-उतार करावी लागते. वीज हा आणखी एक मुद्दा. आठ-दहा वातानुकूलन यंत्रे, पंप आणि तलावाची गाळणी यांचा भार गावच्या वाहिनीला पेलेल की नाही, हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयात आधीच विचारावे. स्वतंत्र रोहित्राची गरज निघाली, तर तो खर्च अंदाजपत्रकात असायला हवा.

पाण्याचे गणित अधिक गंभीर आहे. ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल तलावात सुमारे १ लाख लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे दहा टँकर. एप्रिल-मे महिन्यांत शेजारच्या पाड्यावर बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना बंगल्यात हे टँकर रिकामे होणे कसे दिसेल, याचा विचार मालकाने करायलाच हवा. गावाशी संबंध बिघडले, की बंगल्याची राखण कठीण होते. उलट कोकणच्या पावसात ४,००० चौरस फुटांच्या छपरावर, वर्षाला २,००० मिलिमीटर पाऊस धरला तरी, सात लाख लिटरहून अधिक पाणी पडते. त्याचा काही भाग साठवण्यासाठी जमिनीखाली टाकी बांधायची असेल, तर ती पायाच्या खोदाईबरोबरच बांधावी. नंतर तीच टाकी बरीच महाग पडते.

पाऊस पाणी देतो, तसे वेळापत्रकही ठरवतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात जून ते सप्टेंबर उघड्यावरचे काम जवळजवळ थांबते. पावसाळा सरताच, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात खोदाई सुरू झाली आणि मे अखेरीपर्यंत छप्पर पडले, तर पावसाळ्यात आतील गिलावा, वायरिंग आणि सुतारकाम चालू ठेवता येते. परवानगीला उशीर होऊन काम फेब्रुवारीत सुरू झाले, तर छप्पर हुकते आणि पुरते एक वर्ष वाया जाते. त्या वर्षाची भाववाढ आणि कर्जाचे व्याज कोणत्याही दरपत्रकात नसते. छपराच्या रचनेतही घासाघीस करू नये. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कौले आणि पत्रे उडालेली असंख्य घरे जिल्ह्याने पाहिली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. छपराचे वासे भिंतीत जखडणे, किनाऱ्याजवळ गंजरोधक लोखंड आणि बिजागऱ्या वापरणे, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत म्हणून त्यांनाच कात्री लागते. संगमरवर थोडा कमी घेतला, तर काही बिघडत नाही.

कायद्याची बाजू जमीन घेण्यापूर्वीच तपासायची असते. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबारा, फेरफार, गावनकाशावरील रस्ता आणि अकृषिक वापराची आजची स्थिती वकिलाकडून पाहून घ्यावी. या तरतुदी अलीकडच्या वर्षांत वरचेवर बदलल्या आहेत. समुद्रकाठच्या भूखंडाला किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागतात, तर महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान हे परिसर अनुक्रमे २००१ आणि २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रे आहेत. अशा ठिकाणी ‘मागाहून नियमित करून घेऊ’ असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहणे श्रेयस्कर.

बांधकामाचा खर्च एकदाच होतो. देखभालीचा मात्र दरवर्षी उभा राहतो आणि मोठ्या सेकंड होमचे खरे ओझे तेच असते. वरच्याच बंगल्याचे उदाहरण पुढे नेऊ. राखणदार दांपत्याला महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. बागकाम आणि तलावाची निगा यांना महिना १५ हजार. वीज, पाणी, जनरेटर आणि इंटरनेट यांनाही तेवढेच. दोन्ही मिळून ३ लाख ६० हजार. घरपट्टी, विमा, वाळवीचा बंदोबस्त आणि यंत्रांची देखभाल यांना १ लाख. रंग, गळती आणि किरकोळ दुरुस्तीसाठी एकूण खर्चाच्या दीड टक्का, म्हणजे ५ लाख ४० हजार. एकंदर १३ लाख. आता घर वापरले किती जाते? वर्षात बावन्न आठवडे असले, तरी लग्नकार्ये, परीक्षा, परदेश प्रवास आणि घाटातील वाहतूक कोंडी वजा जाता चाळीस रात्री मुक्काम घडला, तर पुष्कळ म्हणायचा. म्हणजे एका रात्रीला ३२ हजार ५०० रुपये, आणि तेही गुंतवलेल्या रकमेवरील व्याज न धरता.

हा आकडा पाहून घर बांधूच नये, असे नाही. आयुष्यभर दहा बाय बाराच्या खोलीत काढलेल्या माणसाला मोकळ्या अंगणाची ओढ वाटली, तर तिची किंमत करता येत नाही. परंतु निवृत्तीची पुंजी यात घालणाऱ्याने आधी वर्षाचा खर्च ठरवावा आणि त्यावरून घराचे माप काढावे. वर्षाला सहा लाखच झेपणार असतील, तर घर ६,००० नव्हे, २,५०० फुटांच्या आसपासचे असायला हवे. मुले बंगलोरला किंवा परदेशी स्थायिक असतील, तर त्यांच्यासाठी राखलेली तीन शयनगृहे वर्षातून आठ दिवस उघडतील आणि उरलेल्या काळात तिथे बुरशी येईल. साठीत बांधलेले घर ऐंशीच्या गुडघ्यांनाही झेपले पाहिजे. मालकाची निजायची खोली तळमजल्यावर असणे, ही त्यातली पहिली अट. राखणदाराची खोली मात्र नकाशात शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ढकलू नये. वर्षाचे तीनशे पंचवीस दिवस त्या घरात राहणारे कुटुंब त्याचेच असते. त्याला हवेशीर दोन खोल्या आणि स्वतंत्र न्हाणीघर मिळाले, तर माणूस टिकतो.

मोठ्या घराची हौस सुटत नसेल, तर ते टप्प्याटप्प्याने बांधणे हा मार्ग उरतो. कॉफमन यांनीही पाहुण्यांचे घर दोन वर्षांनी, १९३९ मध्ये पूर्ण केले होते. पहिल्या टप्प्यात मुख्य घर, विहीर किंवा कूपनलिका, टाकी, राखणदाराची खोली आणि दर्शनी कुंपण एवढेच करावे. दोन पावसाळे तिथे काढल्यावर पाणी कुठून वाहते, वारा कुठून येतो आणि पाहुणे खरोखर किती येतात, हे आपोआप समजते. दुसऱ्या टप्प्याचा आराखडा मात्र आरंभीच तयार असावा. पुढील इमारतीसाठी लागणारे पाण्याचे नळ, सांडपाण्याची वाहिनी आणि विजेची केबल जाण्यासाठीचे पाइप पहिल्याच खोदाईत पुरून ठेवावेत आणि ते कुठे पुरले आहेत याचा मापांसह नकाशा, माती लोटण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांसकट, घराच्या कागदपत्रांत ठेवावा. बांधकाम परवानगीला मुदत असते. तिची तारीखही त्याच फाइलवर लिहून ठेवलेली बरी.