वादळ क्षीण झाले, तरी औषधांची पिशवी भरा

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. बंगालच्या उपसागरात उठलेले ‘गुलाब’ चक्रीवादळ त्या रात्री आंध्र प्रदेशच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ धडकले. सोमवारी माझ्या दवाखान्यात आलेल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारले, “डॉक्टर, या वादळाचं आपल्याला काही भय?” मी सकाळी ऐकलेली बातमीच त्यांना सांगितली, “गुरुजी, ते क्षीण झालंय. तुम्ही निश्चिंत झोपा.”

त्यांचे घर मांजरा नदीपासून हाकेच्या अंतरावर. त्याच रात्री मराठवाड्यावर पाऊस कोसळला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि पाणी गुरुजींच्या घरात शिरले. शेजारच्या मुलांनी त्यांना पाण्यातून हाताला धरून शाळेत नेले. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, दातांची कवळी, सारे घरातच राहिले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना तपासले तेव्हा रक्तातील साखर ४०० च्या वर होती. पाण्यातून चालताना पायाच्या अंगठ्याला लागले होते, तेही त्यांना कळले नव्हते. ती जखम भरायला तीन महिने लागले. बातमीत चूक नव्हती. तिचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता.

वाचकहो, वादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावरून होते. ताशी ६२ किलोमीटर वा अधिक वेग असेल तर चक्रीवादळ. त्याखाली आले की तीव्र कमी दाबाचा पट्टा आणि मग कमी दाबाचा पट्टा. जमिनीवर आल्यावर समुद्राच्या उबदार वाफेचा पुरवठा तुटतो, वारा मंदावतो आणि प्रतवारी उतरते. परंतु सोबत आणलेले बाष्प कुठे जाणार? ते आत, शेकडो किलोमीटरवर, पाऊस होऊन पडते. त्यातून सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे पावसाळ्याचा शेवट. जमीन आधीच भिजलेली, धरणे भरत आलेली. मुरायला जागा नसते. ‘गुलाब’चे अवशेष तर महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात गेले, तेथे ‘शाहीन’ नावाने पुन्हा उभे राहिले आणि ओमानवर आदळले. २०२० च्या ऑक्टोबरात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेल्या प्रणालीला तर नावही मिळाले नव्हते. तरी हैदराबाद जलमय झाले, सोलापूर जिल्ह्याला पुराने वेढले आणि पंढरपुरात भीमा पात्राबाहेर आली.

म्हणून ‘वादळ क्षीण झाले’ हे शब्द कानी पडले की आपण पुढचा प्रश्न विचारावा : पाऊस किती? २४ तासांत ११५ मिलिमीटरहून अधिक पावसाला हवामान खाते ‘अति मुसळधार’ म्हणते. आपल्या जिल्ह्यासाठी नारिंगी वा लाल इशारा असेल आणि घर नदीकाठी, ओढ्याकाठी किंवा सखल भागात असेल, तर उजेड आहे तोवरच उंचावरच्या नातेवाइकांकडे जावे. ज्येष्ठांना घर सोडवत नाही, हे मी जाणतो. “एवढी वर्षं पाणी इथवर आलं नाही,” हे वाक्य मी प्रत्येक पुरानंतर ऐकले आहे. मुलांनी तेव्हा वाद घालू नये; “दोन दिवस नातवंडांकडे चला,” एवढे म्हटले तरी पुष्कळदा पुरते.

पिशवीत निदान सात दिवसांची औषधे हवीत. चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल आणि औषधांच्या चिठ्ठीची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत ठेवा. वापरात असलेले इन्सुलिन थंड, सावलीच्या जागी फ्रिजबाहेरही साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली म्हणून ते टाकू नका, बर्फालाही चिकटवून ठेवू नका. जेवण मिळण्याची शाश्वती नसेल तर मात्र नेहमीचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते. हृदयाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. डायलिसिस चालू असलेल्यांनी केंद्राशी आधीच बोलून तारीख अलीकडे घेता येते का ते पाहावे. प्राणवायूच्या यंत्रावर असलेल्यांनी वीज खंडित होण्याची वाट पाहू नये.

वाहत्या पाण्यात उतरू नका. घोट्याच्या वर आलेले वेगाचे पाणीही माणसाला पाडते, मग काठी टेकत चालणाऱ्याची काय कथा! ‘गुलाब’च्याच पावसात नांदेडहून नागपूरला निघालेली एस.टी. उमरखेडजवळ नाल्याच्या पुरात वाहून गेली. बस जिथे टिकली नाही तिथे आपली दुचाकी काय टिकणार?

पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याची घाई घरातील ज्येष्ठांनी करू नये. मधुमेहींनी अनवाणी पाऊल टाकू नये आणि रोज रात्री तळवे कुणाकडून तरी पाहून घ्यावेत. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. पुढील तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली दिसली तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. घरगुती काढ्यावर दिवस न घालवता डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

गुरुजींची पिशवी आता दाराजवळच्या खुंटीला असते. मध्यंतरी घरभेटीला गेलो असता त्यांनी ती कौतुकाने दाखवली. आतल्या निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली निघाली. आता जूनच्या आणि सप्टेंबरच्या आरंभी त्यांची सून ती रिकामी करून पुन्हा भरते.