चिप मेली, की नुसती गप्प आहे?

बघा, घरी केलेल्या प्रोग्रामरला पहिल्यांदा चिप जोडली, की पुष्कळदा स्क्रीनवर तिची सही ०००००० अशी येते. एटीमेगा ३२८पीची खरी सही १ई९५०एफ. लगेच आपण म्हणतो, चिप जळली. थांबा जरा. शून्यांचा अर्थ एवढाच, की चिपने उत्तर दिलं नाही.

आपण उनो बोर्डालाच प्रोग्रामर केलंय: त्याची १० नंबरची पिन चिपच्या रिसेटला, म्हणजे १ नंबरच्या पायाला, ११, १२, १३ या पिना १७, १८, १९ या पायांना. आधी मल्टिमीटर घ्या. ७ आणि २० या दोन्ही पायांवर ५ व्होल्ट हवेत; ८ आणि २२ ग्राउंडला. काही ब्रेडबोर्डांची लाल पट्टी मध्येच तुटक असते, तिथे आम्हीही फसलोय.

सगळं ठीक, तरी शून्यच? मग चिप कुठली ते आठवा. उनोवरून काढलेली चिप बाहेरच्या क्रिस्टलवर चालायला सेट केलेली असते. क्रिस्टल नाही तर तिचं घड्याळ बंद, आणि घड्याळ बंद तर प्रोग्रामरलाही उत्तर नाही. ९ आणि १० या पायांमध्ये १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा, दोन्ही पायांपासून ग्राउंडला २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर.

आता अर्जुनीहून एका क्रिस्टलसाठी गोंदियाची गाडी कशाला पकडायची? जुन्या बंद बोर्डावरचा ८ किंवा १२ मेगाहर्ट्झचा काढून लावा. सही वाचायला तोही चालतो.