पणजीचं नाव काय होतं?

मागं एका बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं होतं, "तुमच्या सासऱ्याच्या आज्याचं नाव कोण कोण सांगू शकतं?" पाच-सहा जणींनी हात वर केले आणि नावं सांगितलीही. मग मी विचारलं, "अन् त्याच्या बायकोचं?" सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. शेवटी कोपऱ्यातली एक आजी हसून म्हणाली, "तिले काय नाव असते वं माय? म्हातारीच म्हणत सारे तिले."

कुळाची आठवण कोण ठेवतं, कशी ठेवतं आणि त्यात कोण गळून जातं, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे मेहकर-लोणार भागातल्या तांड्यांवर ज्या मैत्रिणी राहतात त्यांना हे नवीन नाही. बंजारा समाजात राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही गोतं आणि त्यांचे पाडे लग्न जुळवताना तोंडपाठ लागतात. राठोडांचे सत्तावीस पाडे, पवारांचे बारा. एका गोतात सोयरीक होत नाही. आणि कुळाची गाणी गाणारे ढाडी हे त्या समाजाचेच. पोथी नाही, वही नाही, सगळं गळ्यात.

पण हे काम सगळ्यात बारकाईनं बांधलेलं दिसतं ते आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडे, गोंड आणि परधान यांच्यात. यवतमाळ, चंद्रपूर, तिकडे तेलंगणातला आदिलाबाद, वर मध्य प्रदेशातला मंडला, एवढ्या मोठ्या मुलखात ही रीत पसरलेली आहे.

गोंडांची कुळं देवांच्या संख्येनं ओळखली जातात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवसंख्येची माणसं एकमेकांची भाऊ-बहीण, म्हणून त्यांच्यात लग्न होत नाही. मग कोणाचे देव किती, ते कुठून आले, पहिला पूर्वज कुठं उतरला, हे सांगणार कोण? तर परधान. प्रत्येक गोंड घराण्याचा परधान ठरलेला. तो किंगरी घेऊन येतो. तीन तारांचं वाद्य, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं. त्यावर तो कुळाची कथा गातो. पूजेला गातो, मयतीच्या विधीला गातो. त्याच्याशिवाय मेलेला माणूस पूर्वजांत नीट पोचत नाही, असं मानतात. मंडल्याकडे तर दर तीन वर्षांनी परधानानं यजमानाच्या घरी यायचं आणि धान्य, कपडा, जनावर असं काहीतरी घेऊन जायचं, असा हक्कच होता.

हा हक्क कुठून आला त्याचीही गोष्ट आहे. सात भाऊ होते. बडादेव त्यांच्यावर रुसून निघून गेला. तेव्हा धाकट्यानं वाद्य बनवलं, येनाच्या झाडाखाली बसून वाजवलं आणि देवाला परत आणलं. धाकटा तो परधान, बाकीचे सहा गोंड. म्हणजे मागणारा भिकारी नाही, तो भाऊ आहे आणि आपला वाटा मागतो आहे. शामराव हिवाळे या मराठी माणसानं मंडल्याकडे वर्षानुवर्षं राहून परधानांवर एक पुस्तक लिहिलं, ते १९४६ साली निघालं. त्यात हे नातं फार आपुलकीनं आलं आहे.

तरी सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. भाऊ म्हणायचं आणि त्याच्या हातचं जेवायचं नाही, हेही त्यातच होतं. गंमत म्हणजे आदिलाबादकडच्या परधानांची घरातली बोली मराठी आणि कुळाची कथा मात्र गोंडीत. दुसऱ्याचा इतिहास दुसऱ्याच्या भाषेत सांभाळायचा, आणि पंगतीत बसायचं बाजूला.

आता बायकांचं पाहा. आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळाची. मेश्राम हे सात देवांचे. कुळातली माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, त्या पाण्यानं देवाचा अभिषेक होतो. मग त्या वर्षात कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. पांढऱ्या वस्त्रात, डोक्यावरून पदर, एकेक सून पुढं येते. ही भेट झाली की ती खरी मेश्राम. आपल्याकडे नवी सून कुलदैवताला नेतात, ओटी भरतात, तसंच. फरक इतकाच की तिथं सगळं कूळ साक्षीला उभं असतं.

पण बघा, सून कुळात येते ती अशी वाजतगाजत, आणि वंशावळीत मात्र बहुतेक ठिकाणी फक्त बाप, आजा, पणजा. हे गोंडांचंच नाही, देशमुखांच्या वाड्यातही हेच आणि तुमच्या-माझ्या घरीही हेच.

पुढं यजमान गरीब झाले, जंगल गेलं, परधानाला द्यायला घरात दाणे उरले नाहीत, आणि वाद्यं खुंटीला लागली. काहींनी मजुरी धरली. पण मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान पोरगा १९८१ च्या सुमारास भोपाळला आला आणि ज्या देवांची गाणी त्याची माणसं गात, त्यांची त्यानं चित्रं काढली. त्याच्या मागून नात्यातली कितीतरी माणसं चित्रकार झाली. त्यात दुर्गाबाई व्याम. लहानपणी घराच्या भिंती सारवून त्यावर नक्षी काढणारी ही बाई. तिनं नवऱ्यासोबत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र चित्रांत मांडलं आणि २०२२ साली तिला पद्मश्री मिळाली. गाणारे पुरुष होते, भिंती बायांच्या होत्या, आणि शेवटी कथा टिकली ती भिंतीवरच्या हातामुळंही.

तुम्ही म्हणाल, ताई, हे ऐकायला बरं, पण आमच्या कामाचं काय? तर कामाचं आहे. पोराच्या जात पडताळणीला वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि जुना पुरावा विचारतात. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पणज्याची नोंद शोधायची तर आधी त्याचं खरं नाव आणि तो कोणत्या गावी शिकला हे कळायला हवं. घरी सगळे त्याला 'बापू' म्हणत आणि कागदावर भलतंच नाव, असं झालं की कारकुनासमोर बसून उपयोग नसतो. ते नाव एखाद्या म्हातारीलाच ठाऊक असतं. तसंच वारसाच्या फेरफारात लेकींची नावं राहून गेली तर पुढं भांडत बसावं लागतं. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाच्या बरोबरीचा आहे.

म्हणून एक शंभर पानी वही घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, दुपारच्या वेळी, घाई नसताना. "वंशावळ सांग" म्हणू नका, ती म्हणेल मले काय येते. "तुझ्या लग्नात कोण कोण आलं होतं?" असं विचारा, मग पाहा. माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव, दोन्ही लिहा. लेकी कुठं दिल्या ते गाव लिहा. लहानपणीच गेलेली मुलंही लिहा, ती आई विसरलेली नसते. मोबाईल असेल तर तिचा आवाजही भरून घ्या.

त्या बैठकीतल्या आजीकडे मी पुन्हा गेले होते. बराच वेळ शेंगा फोडत बसली. मग उठता उठता म्हणाली, "गंगू होतं वाटते. हो, गंगूच. उंद्रीची होती ते." तिच्या नातसुनेनं लगेच वहीत लिहून घेतलं.